रेंडर लावलं की डेस्कटॉप रीस्टार्ट होतोय: कूलर बदलू की एसएमपीएस?

कर्वेनगर_रेखाटणी
१७ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पंधरा दिवस झाले, या मशीनने जीव मेटाकुटीला आणलाय. मी इंटिरियरची थ्रीडी दृश्यं करून देते, काम घरूनच चालतं. कर्वेनगरात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, डोक्यावर थेट गच्ची. दुपारी दोननंतर खोलीतलं तापमान ३६-३७ ला जातं आणि नेमकं तेव्हाच मशीन दगा देतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मशीनकडून अंतिम चित्र बनवून घेणं) लावलेलं असतं, पंखे जोरात फिरत असतात आणि अचानक स्क्रीन काळी. दोन सेकंदांत मशीन स्वतःहून पुन्हा सुरू. विंडोजचा बिघाडाचा निळा पडदा नाही, कसला संदेश नाही. काल चार तासांचं काम असंच गेलं आणि क्लायंटला रात्री फोन करून मुदत वाढवून मागावी लागली.

मशीन असं आहे: प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७०, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क. प्रोसेसरवर एकाच पंख्याचा साधा टॉवर कूलर. कॅबिनेटची पुढची बाजू पूर्ण काचेची. एसएमपीएस (मशीनच्या भागांना वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा ब्राँझ, २०१८ साली घेतलेला, आधीच्या मशीनमधून उचलून यात लावला. १००० व्हीएचा यूपीएस आहे.

प्रोसेसर ८६-८८ अंशांपर्यंत जातो. ज्या दुकानातून असेंबल केलं तिथे सांगितलं की ३६० चा (३६० मिलिमीटर रेडिएटरचा) लिक्विड कूलर टाका, प्रश्न मिटेल. बजेट ओढूनताणून १५,००० आहे. सगळे कूलरवर घालवू का?

---

गेमर_धायरी
१७ एप्रिल, रात्री १०:३१

३६० लिक्विड आणि ८५० वॅट गोल्ड एसएमपीएस, दोन्ही घेऊन टाक ताई. ५८००एक्स तापतोच, माझ्या मित्राचाही तापायचा. लिक्विड टाकल्यावर १० अंश उतरला.

---

नळस्टॉप
१७ एप्रिल, रात्री ११:०५

एक रुपयाही खर्च करायच्या आधी थोडं थांबा. तुम्ही जे वर्णन केलंय ते मला तापण्याचं लक्षण वाटत नाही.

प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचला की क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, खाली येतो, रेंडरला वेळ लागतो, पण मशीन चालू राहतं. त्याहीपलीकडे फार वर गेलं तर मदरबोर्ड वीज तोडतो आणि मशीन बहुतेक वेळा बंदच राहतं, तुम्ही बटण दाबेपर्यंत. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच, तेही आधी वेग उतरवतं. तुमचं मशीन ८८ ला रीस्टार्ट होतंय, म्हणजे मर्यादेच्या आत.

निळा पडदा न येता क्षणात काळोख आणि लगेच पुन्हा सुरू, याचा अर्थ बहुधा वीज क्षणभर तुटली. तीन गोष्टी सांगा. एक, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेला कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झाल्याची) अशी नोंद दिसते का? दोन, एचडब्ल्यूइन्फो या तापमान नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा लॉग चालू ठेवा, शेवटच्या ओळीत प्रोसेसर आणि कार्डाचं तापमान किती ते पाहा. तीन, स्क्रीन काळी होते तेव्हा मॉनिटरचा दिवा जातो का? मॉनिटरही यूपीएसवरच आहे ना?

दुपारी होतं म्हणून उष्णतेमुळेच होतं असं धरून चालू नका. दुपारी आणखीही बरंच काही बदलत असतं.

---

कर्वेनगर_रेखाटणी
१८ एप्रिल, संध्याकाळी ६:४०

आज दिवसभर लॉग लावला. दुपारी ३:२० ला पुन्हा झालं. शेवटची ओळ: प्रोसेसर ८४, कार्ड ७६. हो, कर्नल-पॉवर ४१ आहे, एक नाही, गेल्या पंधरा दिवसांत अकरा वेळा. मॉनिटर यूपीएसवरच आहे आणि त्याचा दिवा जात नाही, नुसतं 'सिग्नल नाही' असं येतं.

तुम्ही विचारल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. रीस्टार्ट व्हायच्या क्षणी यूपीएसमधून 'टक्' असा आवाज येतो. एरवीही तो दिवसातून बऱ्याचदा येतो, तेव्हा काही होत नाही, म्हणून मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

याचा संबंध असेल-नसेल, पण अनवाणी असताना कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. उन्हाळ्यात मी टेबलाखालची सतरंजी काढते, तेव्हापासून जास्त जाणवतं.

---

भोसरीचे_काका
१८ एप्रिल, रात्री ८:१५

पोरी, बाकी सगळं नंतर. आधी तुझं अर्थिंग बघ. हे आजच्या आज.

मी तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केला, म्हणून पोटतिडकीने सांगतोय. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारं फिल्टर असतं. त्यात वीज साठवणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यांतून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत जातो, तुला कळतसुद्धा नाही. अर्थिंग तुटलं की बॉडी अधांतरी राहते आणि त्या दोन कपॅसिटरच्या मधोमध, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या एसएमपीएसच्या आत फेज खरोखर पत्र्याला टेकला तर फ्यूज उडायला वाट नाही. ती वाट तुझ्या पायातून जाईल.

वायरमनला बोलाव आणि मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला सांग. फेज-न्यूट्रल २३० च्या जवळ हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. भिंतीच्या सॉकेटवर मोजा आणि तुझ्या एक्स्टेंशन बोर्डावर वेगळं मोजा. माझ्या अनुभवात दहातल्या सात घरांत भिंतीपर्यंत अर्थिंग नीट असतं आणि एक्स्टेंशन बोर्डात तुटलेलं असतं. तोवर चप्पल घालून बस आणि मशीनच्या पत्र्याला हात लावू नकोस.

जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनीही हे वाचावं. तिथे कित्येक ठिकाणी तिसरी वायर आलेलीच नसते, पिन मात्र तीन दिसतात.

---

वाकड_वारा
१८ एप्रिल, रात्री ९:५०

काकांचं आधी करा, वीज नळस्टॉप बघतीलच. मी थंडाव्यापुरतं लिहितो. रीस्टार्ट तापण्याने नसला तरी ३७ अंशांच्या खोलीत काचबंद कॅबिनेट ठेवणं बरं नाही.

कुठलाही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश, ते ठरवतो. खोलीत २५ असताना प्रोसेसर ७२ असेल तर ३७ च्या खोलीत त्याच कामाला तो ८४ च्या आसपास जाणार. परदेशी व्हिडिओत २१-२२ अंशांच्या खोलीतले आकडे दाखवतात. ते पाहून आपल्या एप्रिलचा हिशेब करू नये. लिक्विड कूलरमधलं पाणी उष्णता प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं इतकंच. रेडिएटरला थंड करायला शेवटी तुमच्याच खोलीतली ३७ अंशांची हवा लागते.

म्हणून माझा पहिला रोख त्या काचेवर आहे. पुढे काच असेल तर पंख्यांना श्वास घ्यायला बाजूची बोटभर फट उरते. काच काढता येत असेल तर एक दिवस ती काढून रेंडर लावा आणि आकडे लिहून ठेवा. माझ्या जुन्या कॅबिनेटमध्ये एवढ्यानेच कार्ड ७ अंश उतरलं होतं. फरक दिसला तर पुढे जाळीचं कॅबिनेट घ्या. त्यात समोरून १४० मिलिमीटरचे दोन किंवा १२० चे तीन पंखे आत, मागे एक बाहेर, वर एक बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त असली की धूळ फटींतून न शिरता पुढच्या जाळीवर अडते. आणि सध्या निम्म्या पुण्यात खोदकाम चालू असताना ती जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावीच लागते.

दुसरी गोष्ट फुकटची. ५८००एक्स कागदावर १०५ वॅटचा आहे, पण सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत ओढतो, आणि आठही कोअर एकाच छोट्या चकतीत असल्याने उष्णता बाहेर काढणं अवघड जातं. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) इको मोड लावून त्याला ८८ वॅटवर बांधा. तुमचं रेंडर मुख्यतः कार्डावर होत असेल तर तुम्हाला फरक कळणारही नाही, आणि तापमान मात्र लगेच खाली येईल.

तिसरी, थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप. मशीन बांधल्यापासून बदलली नसेल तर बदला. वाटाण्याएवढा थेंब मधोमध आणि वरून कूलर सरळ दाबायचा, बोटाने पसरवत बसायचं नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ५८००एक्सच्या सॉकेटमध्ये कूलर काढताना प्रोसेसर पेस्टला चिकटून वर येऊ शकतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं रेंडर लावून पेस्ट ऊबदार करा, मशीन बंद करा, प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. ओढू नका.

एवढं करूनही कूलर घ्यायचाच असेल तर दोन टॉवर, दोन पंख्यांचा हवेचा घ्या. थर्मलराइट पिअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर उंच आहे, डीपकूल एके६२० १६० मिलिमीटर. कॅबिनेटमध्ये तेवढी उंची मावते का ते मोजून घ्या. अशा कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो कुठेही मिळतो.

---

औंध_ऑडिओ
१८ एप्रिल, रात्री १०:२०

वाकड_वारा यांच्याशी बरंचसं सहमत, पण लिक्विड कूलर अगदीच मोडीत काढू नका. मी संगीताचं ध्वनिमुद्रण करतो. माझ्याकडे २४० चा पाच वर्षं चालू आहे. पाण्याला तापायला वेळ लागतो, त्यामुळे मिनिटभराचा भार आला तरी पंखे एकदम किंचाळत नाहीत. माझ्या कामात ते फार महत्त्वाचं आहे. रॅमच्या डोक्यावर किलोभर धातूही लटकत नाही.

पण बसवताना पंप सगळ्यात उंच बिंदू असता कामा नये, हे पाळाच. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडून जातं, आत हवेचा बुडबुडा तयार होतो आणि तो वर जमतो. वर रेडिएटर असेल तर बुडबुडा तिथे निवांत राहतो. वर पंप असेल तर तो कोरडा फिरतो, गुळगुळ आवाज येतो आणि लवकर मरतो. आणि पंप गेला की दुरुस्ती नाही, अख्खं युनिट नवं घ्यावं लागतं. रेखाटणी यांचं पोट या मशीनवर आहे, तेव्हा त्यांच्यासाठी मीही हवेचाच सांगेन.

---

सिंहगडरोड_संध्या
१९ एप्रिल, सकाळी ८:३०

धागा मन लावून वाचतेय, कारण मुलगा बारावीनंतर कोडिंग शिकतोय आणि त्याचंही मशीन तापतं. आम्ही त्याच्या खोलीत पाण्याचा कूलर लावलाय आणि हवा थेट कॅबिनेटवर सोडलीय. काही धोका आहे का? त्याच्या टेबलावर हल्ली पांढुरकी भुकटी दिसते.

---

वाकड_वारा
१९ एप्रिल, सकाळी ९:१०

संध्याताई, खोलीत कूलर जरूर लावा, पण झोत कॅबिनेटवर नको. आपल्याकडे एप्रिलात हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि खोली खरोखर थंड होते, मशीनलाही त्याचा फायदा होतो. पण झोताबरोबर बारीक तुषारही येतात. तुषार सुकला की त्यातला क्षार मागे राहतो, तीच ती पांढुरकी भुकटी. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आणखी जास्त. तीच भुकटी मदरबोर्डावर आणि हिटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये बसते, वर धूळ चिकटते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती ओल धरते. कूलर खिडकीशी ठेवा, समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा म्हणजे हवा खोलीतून वाहील, आणि मशीन झोताच्या बाजूला सरकवा. जून लागला की कूलर बंद. दमट हवेत तो गारवा देत नाही, ओलावा तेवढा वाढवतो.

आतली भुकटी ब्लोअरने उडवा. त्या वेळी मशीनचा प्लग काढलेला हवा आणि प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. जोराच्या हवेने पंखा भन्नाट फिरला तर त्याच्या बेअरिंगला आणि बोर्डालाही इजा होऊ शकते.

---

तापकीर_गल्ली
१९ एप्रिल, दुपारी १२:४५

बुधवार पेठेत माझं रिपेअरचं काम आहे, एसएमपीएस आणि यूपीएस रोज हाताखालून जातात. रेखाटणी यांच्या 'टक्' या एका शब्दात अर्धं उत्तर आहे.

घरगुती यूपीएस बहुतेक लाइन-इंटरॲक्टिव्ह असतात. व्होल्टेज नीट असेल तोवर भिंतीतली वीज जशीच्या तशी पुढे जाते. व्होल्टेज खाली गेलं की आतला रिले (आपोआप पडणारा स्विच) बूस्टवर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देण्यावर, पडतो, आणखी खाली गेलं की बॅटरीवर. 'टक्' आवाज त्या रिलेचा. दुपारी आजूबाजूला सगळ्यांचे एसी लागतात, सोसायटीचा पंप किंवा लिफ्ट सुरू होते, व्होल्टेज क्षणभर दबतं आणि रिले पडतो. तुमचा दुपारचा मुहूर्त इथून येतो, असा माझा कयास आहे.

रिले इकडून तिकडे पडेपर्यंत काही मिलिसेकंद वीज नसते. चांगल्या एसएमपीएसला ते सोसतं. त्याच्या पोटात ३८०-४०० व्होल्टवर भरलेला एक मोठा कपॅसिटर असतो, वीज नसताना तोच मशीनला पोसतो. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसचे निकष ठरवणाऱ्या प्रमाणाच्या) तुमचा एसएमपीएस घेतला त्या काळच्या नियमाप्रमाणे नव्या एसएमपीएसने पूर्ण भारावर किमान १६ मिलिसेकंद तग धरायला हवा होता. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे जवळजवळ एक अख्खं आवर्तन.

आता बघा. कपॅसिटरमध्ये साठा ठरावीक. भार दुप्पट झाला की तो निम्म्या वेळात संपतो. शिवाय कपॅसिटर उष्णतेने वाळतो. दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं, असा आमच्यातला ठोकताळा आहे. तुमचा एसएमपीएस सात उन्हाळे काढलेला, त्यात गच्चीखालची खोली. साठा कमी झालेला असणार. नुसतं चित्र काढत बसलात तर मशीन ८०-१०० वॅट खातं, टक् झालं तरी तो तरतो. रेंडर लावलं की प्रोसेसर १४२, कार्ड २२०, बाकी ५०-६०, म्हणजे ४२० च्या घरात. तेव्हा टक् झालं की साठा अपुरा पडतो, एसएमपीएस मदरबोर्डाला दिलेला 'पॉवर गुड' (वीज ठीक आहे असा) संकेत काढून घेतो आणि बोर्ड रीसेट होतो. मॉनिटर वीस-तीस वॅटचा, त्याला काही कळतही नाही.

तेव्हा उष्णतेचा हात यात आहेच, पण तो सात वर्षांचा आहे, आज दुपारचा नाही.

खात्री करून घ्या. सगळं सेव्ह करा. आधी काही न चालवता यूपीएसची वीज भिंतीच्या बटणाने बंद करा. मशीन चालू राहील. बटण परत चालू करा, पाच मिनिटं थांबा, जुनंच एखादं रेंडर लावा आणि तेच पुन्हा करा. रीस्टार्ट झालं तर चोर सापडला.

एसएमपीएस उघडून कपॅसिटर फुगलाय का ते बघायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यात साठा राहतो आणि तो जोरदार दणका देतो.

---

भोसरीचे_काका
१९ एप्रिल, दुपारी १:१०

वरच्या चाचणीत भिंतीचं बटणच बंद करायचं, प्लग उपसायचा नाही. बटणाने फेज तुटतो, अर्थ जोडलेला राहतो. प्लग काढलास तर अर्थही जातो आणि यूपीएस तर वीज देतच असतो. अर्थिंग दुरुस्त झाल्याशिवाय ही चाचणी करायची नाही, पोरी.

---

कर्वेनगर_रेखाटणी
२० एप्रिल, रात्री ९:३५

काका, तुमचं तंतोतंत निघालं. वायरमनने भिंतीच्या सॉकेटवर मोजलं: फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ २२५, न्यूट्रल-अर्थ १. उत्तम. मग यूपीएसनंतरच्या एक्स्टेंशन बोर्डावर, मशीनची पिन त्यात तशीच ठेवून मोजलं: फेज-अर्थ ११०, न्यूट्रल-अर्थ १०८. निम्म्यावर तरंगणं म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिलं. बोर्ड उघडला तर हिरवी वायर स्क्रूखालून निसटून बाजूला पडली होती, तिच्या टोकाची तांब्याची तार काळी पडलेली. टोक कापून नवीन छिलून घट्ट बसवली. झिणझिण्या पूर्ण गेल्या. एवढी साधी गोष्ट सुटली होती आणि माझा चार वर्षांचा भाचा रोज त्या मशीनजवळ खेळत होता, या विचाराने काल झोप लागली नाही.

मग चाचणी. भार नसताना बटण बंद: टक्, बीप, मशीन चालू. रेंडर लावून बटण बंद: टक्, आणि स्क्रीन काळी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. आणि हे रात्री आठ वाजता, खोलीत ३१ अंश आणि प्रोसेसर ७८ असताना.

आता १५,००० पैकी एसएमपीएसला किती देऊ? ८५० घ्यायचा का?

---

तापकीर_गल्ली
२० एप्रिल, रात्री १०:२०

८५० ची गरज नाही. एनव्हिडियाने ३०७० साठी ६५० सुचवलाय. तुमच्या ४२० वॅटला ७५० घ्या, म्हणजे तो अर्ध्याहून थोड्या जास्त भारावर चालेल, पंखा शांत राहील आणि पुढचं कार्डही झेपेल.

खोक्यावरच्या वॅटपेक्षा एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते महत्त्वाचं, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्यावरच जगतात. तुमच्या जुन्याचं लेबल बघून सांगा, पण त्या काळच्या बऱ्याच ५५० वॅटच्या युनिटांत तिथे ३८ अँपिअर असायचे, म्हणजे १२ व्होल्टवर ४५६ वॅटच. चांगल्या ७५० ला ६२ च्या आसपास असतात. ३०७० सारखी कार्डं काही क्षणांसाठी नेहमीपेक्षा खूप जास्त ओढतात, म्हणून एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला घ्या. २०२२ पासूनच्या त्या नियमात क्षणभर दुप्पट भार सोसण्याची अट आहे.

ब्राँझ की गोल्ड याचा संबंध किती वीज वाया जाते याच्याशी. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या मूळ ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझला ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. सरासरी २५० वॅट, रोज सहा तास धरले तर फरक १६ वॅटचा, वर्षाला ३५ युनिट. युनिट १० रुपयाला धरलं तरी साडेतीनशे रुपये. बिलासाठी गोल्ड घेऊ नका. पण वाया गेलेली वीज म्हणजे एसएमपीएसच्या पोटातली उष्णता, आणि तिनेच तुमचा आधीचा मारला. शिवाय गोल्डमध्ये बहुधा १०५ अंशांचे चांगले कपॅसिटर आणि सात ते दहा वर्षांची वॉरंटी मिळते. त्यासाठी घ्या.

बसवताना दोन गोष्टी. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला अजिबात लावू नका, सॉकेट सारखं दिसलं तरी आतला क्रम वेगळा असतो, डिस्क आणि बोर्ड क्षणात जळतात. अशी मशीन महिन्याला एक तरी येते माझ्याकडे. आणि कार्डाच्या दोन सॉकेटना दोन वेगळ्या केबल लावा. एका ८ पिनच्या जोडाची मर्यादा १५० वॅट आहे, एकाच केबलच्या दोन शेपट्यांवर सगळा भार नको.

---

गेमर_धायरी
२० एप्रिल, रात्री १०:४१

मी सुरुवातीला घाईने सांगितलं, माफ करा ताई. माझ्या मशीनवर हीच चाचणी उद्या करतो.

---

कर्वेनगर_रेखाटणी
२६ एप्रिल, संध्याकाळी ७:१५

उशिरा लिहितेय, कामं तुंबली होती.

जुन्याचं लेबल पाहिलं, खरंच ३८ अँपिअर. तळाची जाळी तर धुळीने अशी भरली होती की बोटाने सोलून काढावी लागली, गोधडीच्या अस्तरासारखी निघाली. ७५० गोल्ड, एटीएक्स ३.१, ८,६०० ला मिळाला. केबल सगळ्या नव्याच लावल्या. इको मोड लावला, पेस्ट बदलली आणि पुढची काच काढून कपाटात ठेवली. कूलर जुनाच ठेवलाय. आज दुपारी तीनला खोलीत ३७ होतं: प्रोसेसर ७१, कार्ड ७०. उरलेल्या पैशांत जाळीचं कॅबिनेट बसेल, ते पुढच्या महिन्यात.

आज मल्टिमीटर घेऊन बसले होते. दुपारी सव्वातीनला भिंतीवर १९८ होतं, लिफ्ट सुटली तेव्हा १८६. यूपीएस टक् झाला. फ्रेम ११२ चालू होती. मी श्वास रोखून बघत राहिले. ११३ सुरू झाली.

मग मुद्दाम बटण बंद करून पाहिलं, तीनदा. तिन्ही वेळा रेंडर चालूच राहिलं.

काका, आईने तुमच्यासाठी खास निरोप दिलाय: तिनेही घरातले सगळे एक्स्टेंशन बोर्ड तपासून घेतले, वॉशिंग मशीनचाही.

---

भोसरीचे_काका
२६ एप्रिल, रात्री ८:०२

आईला नमस्कार सांग. वॉशिंग मशीन एक्स्टेंशनवर ठेवू नका म्हणावं, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. आणि पावसाळ्यात सगळं पुन्हा एकदा मोजा.

---

सिंहगडरोड_संध्या
२७ एप्रिल, सकाळी ७:५०

आमच्याकडेही वायरमन येऊन गेला, अर्थिंग ठीक निघालं. कूलर खिडकीशी हलवला. मुलाने कॅबिनेट उघडून ब्लोअर मारला, पंखे मी धरून ठेवले होते. हिटसिंकमधून एवढी पांढरी भुकटी उडाली की गॅलरी झाडावी लागली. त्याच्याही एसएमपीएसचं लेबल वाचतोय, १२ व्होल्टचा आकडा दुपारी टाकते, जरा बघून सांगा.